शाल-श्रीफळ राहू द्या, दोनशे रुपये द्या

गेल्या हिवाळ्यात भंडाऱ्यात एका मित्राच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. मी गेलो, तेव्हा माझं स्वतःचं पुस्तकही पायाशी थैलीत होतं. पंधरा प्रती. कार्यक्रम आटोपला की दाराशी उभं राहून चार-दोन खपवाव्यात, एवढाच हिशेब. अध्यक्षस्थानी आमच्याकडचे एक ज्येष्ठ साहित्यिक होते. त्यांचं नाव घेत नाही, कारण भांडण मताशी आहे आणि ते मत त्यांच्या एकट्याचं नाही. भाषण संपवता संपवता ते म्हणाले, "आजकाल लेखक थैल्या घेऊन फिरतात. लेखकानं लिहावं, विकणं हे दुकानदाराचं काम. पुस्तकात दम असेल तर वाचक त्याला शोधत येतो." टाळ्या पडल्या. सवयीनं मीही वाजवल्या. मग थैली पायानंच खुर्चीखाली सरकवली आणि पंधराच्या पंधरा प्रती घेऊन शेवटच्या बसनं घरी आलो.

त्या टाळ्या आज परत घेतो.

सर, वाचक शोधत येतो म्हणता, तो येतो कुठे? लाखनी, मोहाडी, पवनी, लाखांदूर, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या, कंपासपेट्या आणि पोलीस भरतीचे प्रश्नसंच. दुकानदाराचा यात दोष नाही. जे खपतं ते तो ठेवतो, त्यालाही भाडं भरायचं असतं. कवितासंग्रह मागितला तर तो तुमच्याकडे असा पाहतो, जणू किराणा दुकानात सोनं मागितलं. "सांगून ठेवा, नागपूरले गेलो तर पाहतो." तुमचा तो दमदार वाचक निघालाच घरून, तर त्याची वाट या काउंटरपाशी संपते.

आता दुकानदाराच्या कामाचा हिशेब करू. मी तीस वर्षं ग्रामसेवकी केली, हिशेबाची लाज कधी वाटली नाही. समजा पुस्तकाची किंमत दोनशे रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून चाळीस ते पन्नास टक्के कापून घेतात. पन्नास धरा. शंभर उरले. थोड्या प्रती छापल्या तर एका प्रतीला नव्वद रुपये सहज पडतात. हाती दहा रुपये राहिले, तेही प्रत विकली गेली तर आणि वितरकाच्या सवडीनं. तीच प्रत थैलीतून विकली तर एकशे दहा सुटतात. म्हणजे थैलीतली एक प्रत दुकानातल्या अकरा प्रतींच्या बरोबरीची. ज्याला प्रकाशन संस्थेचं पाठबळ आहे, पगार किंवा पेन्शन आहे, त्यानं या फरकाकडे दुर्लक्ष करावं. ज्यानं धान विकून छपाईचं बिल भागवलं, त्याला ते परवडत नाही.

माझं पुस्तक मामा तलावांवर आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे मामा आईचे भाऊ नव्हेत. माजी मालगुजारी तलाव असं लांबलचक नाव सरकारी कागदावर 'मा. मा.' झालं आणि लोकांनी त्याचा मामा केला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव राहिले. नोकरीत गावोगाव फिरताना पाळीवर बसून जे ऐकलं ते वहीत टिपत गेलो. कोणी बांधला, पाणी कसं वाटत, कोणत्या साली फुटला. पुण्याच्या एका प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवताना लिहिलं होतं की विषय चांगला आहे, पण फार स्थानिक आहे. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या गृहस्थांनी माझी बाजारपेठ मला फुकटात सांगून टाकली.

शेवटी स्वतःच छापलं, पाचशे प्रती. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला एक पैसा लागत नाही. (हे काम करून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.) १९५४च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. पाठवली. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या दुकानात न मिळणारं माझं पुस्तक कोलकात्याला रवाना झालेलं आहे. दम असला-नसला तरी.

तुमच्या वाक्यातली दुसरी गोष्ट मला जास्त खुपली, ती म्हणजे कमीपणा. थैली घेऊन फिरणं लेखकाला शोभत नाही म्हणता. कुठल्या मातीवर उभं राहून म्हणता, सर? ही झाडीपट्टी आहे. दिवाळी झाली की वडशाच्या नाट्यमंडळांचे फलक रंगतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. भोंगा लावलेली गाडी दिवसभर आसपासच्या खेड्यांतून ओरडत फिरते. नट कोण, गाणी किती, लावणी आहे की नाही, तिकीट केवढ्याचं, सगळं जाहीर. घरोघरी सोयऱ्यांना निरोप जातात, नाटक आहे, मुक्कामाला या. लेकीजावई येतात, सोयरिकी जुळतात, शामियान्याच्या दाराशी मंडळाची पोरं तिकिटं फाडत बसतात. नाटक विकायला काढलं म्हणून झाडीपट्टीच्या कलावंताला कुणी खालच्या पायरीवर बसवलं नाही. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच तिकीट लावून चालणाऱ्या रंगभूमीवर आयुष्य घालवल्याबद्दल. मग त्याच मातीत पुस्तकालाच एवढं सोवळं कशाला?

की हे सोवळं आपलं नव्हेच, उसनं आणलेलं आहे? ज्यांची वृत्तपत्रं होती, ज्यांच्या पुस्तकाचं परीक्षण रविवारच्या पुरवणीत आपोआप येत होतं, ज्यांचे विद्यार्थी अभ्यासमंडळावर बसले होते, त्यांना थैलीची गरज नव्हती. त्यांची थैली दुसरे उचलत होते. गरज नसलेल्यानं गरजेला अशोभनीय म्हणायचं, हा जुना प्रकार आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात 'केसरी'नं छापली नव्हती. ज्यांनी हे सोसलं ते बाबासाहेब पुढे १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले होते. दार बंद असलेल्या माणसानं अंगणात उभं राहून हाक मारली, तर त्याचा आवाज मोठा आहे अशी तक्रार करायची नसते.

आणि मोठ्यांचे दाखले हवेतच, तर तेही इथलेच देतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायला निघाले. तेवीस खंडांचं काम. ते कशाच्या जोरावर उभं राहिलं? इथून साठ किलोमीटरवरच्या नागपुरात त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, खंड छापून व्हायच्या आधी वर्गणीदार गोळा केले. पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात हा सगळा व्यवहार त्यांनी स्वतः लिहून ठेवला. ज्ञानकोशकाराला गिऱ्हाईक गाठायला संकोच वाटला नाही. आम्ही दोनशे रुपयांच्या पुस्तकाचे धनी, आम्हाला वाटतो!

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ची. ती विदर्भातल्या खेड्यांत दुकानांच्या कपाटातून पसरली का? भजनमंडळांच्या गळ्यातून पसरली. खंजिरी आधी आणि पोथी मागून. ऐकणाऱ्याच्या कानात शब्द पडले, मग त्यानं पुस्तक हातात घेतलं. आजच्या भाषेत याला जे काय म्हणत असतील ते म्हणोत, आमच्या गावात याला सप्ताह म्हणतात.

तुमच्या बाजूनं एक युक्तिवाद हमखास येतो आणि त्या दिवशी चहाच्या टेबलावर आलाच. "अरे, वाचकच उरले नाहीत, कोणाला विकशील?" हे म्हणणाऱ्यानं एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जावं. भंडाऱ्याहून दीड-दोन तासांचा रस्ता. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, पाठीवर भाकरीची पिशवी, पायांत साधी चप्पल, आणि परतताना त्याच पिशवीत पुस्तकं. तिथे मोठ्या प्रकाशकांचे तंबू असतात तसे जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून आपली वीस रुपयांची पुस्तिका घेऊन बसलेले लेखकही असतात. त्यांच्यापुढे फ्लेक्स नसतो, सूत्रसंचालक नसतो. रोजमजुरी करणारी बाई पुस्तिका उघडते, दोन ओळी वाचते किंवा पोराला वाचायला लावते, कनवटीचे पैसे काढते. वाचक संपले हे वाक्य मी तिथे उभं राहून एकदा मनात म्हणून पाहिलं. म्हणवलं नाही. वाचक संपलेले नाहीत, ते आपल्या सभागृहात येत नाहीत एवढंच. आपणही त्यांच्याकडे जात नाही.

मी गेलो. भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. दिवसा दंडार, खडी गंमत, रात्री नाटक, मधल्या वेळात जिलेबी, ऊस, पाळणे. साकोली तालुक्यातल्या एका मंडईत मी बाज मागून घेतली, वर चादर टाकली आणि पुस्तकं मांडली. एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'तुमच्या गावचा तलाव यात आहे का? पाहा.' खाली गावांची यादी. सगळ्या प्रचाराचा खर्च म्हणजे तो पुठ्ठा, आणि तोही पानठेलेवाल्यानं दिला.

पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. शेजारी कानातले-बांगड्यांचं दुकान होतं, तिथे रांग. मग एक म्हातारा ढिवर आला. यादीवरून बोट फिरवत राहिला. वाचता येत नसावं. मला म्हणाला, "आमच्या गावचा नाव हाय का याच्यात?" मी गाव विचारलं, पान काढलं आणि वाचून दाखवलं. तलाव कोणी बांधला, पाळ कोणत्या पुरात फुटली, मासोळीचा लिलाव आधी कसा व्हायचा. वाचता वाचता आठ-दहा माणसं गोळा झाली. म्हातारा मध्येच म्हणाला, "थांब गा. पाळ त्या साली नोहे फुटली. माह्या बापाच्या लग्नाच्या साली फुटली." यावरून दुसऱ्या एकाशी त्याचं जुंपलं. मी गप्प बसून दोघांचं टिपत राहिलो. भांडण मिटलं तेव्हा म्हाताऱ्यानं दोनशे रुपये काढले. म्हटलं, बाबा, तुम्ही वाचणार कसं? म्हणाला, "नातीन वाचते ना. तिले दाखवतो का माह्या बाप पुस्तकात आहे." खरं म्हणजे त्याच्या बापाचं नाव पुस्तकात नव्हतं. पुढच्या आवृत्तीत आहे.

त्या दिवशी एकोणीस प्रती गेल्या. गावाचं नाव यादीत नसलेल्या माणसानं एकही घेतली नाही, हेही सांगतो. पुढच्या मंडईत डीजेच्या शेजारी जागा मिळाली, वाचून दाखवलेलं कोणाला ऐकू येईना. दोनच प्रती गेल्या, त्यातली एक माझ्या साळ्यानं घेतली. तेव्हा मंडई म्हणजे जादू आहे असा माझा दावा नाही. एवढंच कळलं की पुस्तक ज्या माणसांबद्दल आहे, त्या माणसांपर्यंत ते पायांनी न्यावं लागतं. त्यांना शोधत यायला सांगणं ही शुद्ध गुर्मी आहे.

नंतर मी यादीतल्या गावांच्या सरपंचांना आणि शाळांना पोस्टकार्डं टाकली. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून मिळतं. 'आपल्या गावच्या तलावाबद्दल चार पानं लिहिली आहेत, बोलावलंत तर पाळीवर येऊन वाचून दाखवीन, पुस्तक घेतलंच पाहिजे असं नाही.' बरीच उत्तरं आलीच नाहीत. ज्या गावांनी बोलावलं तिथे चहा मिळाला, एका ठिकाणी लाखोळीच्या डाळीचे वडे मिळाले आणि प्रती गेल्या. ड वर्गातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल सायकलवर आले होते. म्हणाले, अनुदानाचा हप्ता आला की दोन घेतो. चार महिन्यांनी खरोखर पैसे पाठवले.

आता तुमच्या त्या शोभिवंत पर्यायाकडे येतो. प्रकाशन समारंभ. लेखकाला तो शोभतो म्हणता ना? हॉलचं भाडं, फ्लेक्स, पाहुण्यांच्या शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, नाश्ता, पाहुण्यांची गाडी. हात आखडला तरी वीस हजारांच्या खाली येत नाही, असा माझा आणि माझ्या मित्रांचा अनुभव. त्या वीस हजारांत काय होऊ शकतं ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं तेव्हा आम्ही सगळे हबकलो होतो. पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक वीस रुपयांत जातं, पाच किलोंचं बंडल शंभर रुपयांत. एका समारंभाच्या खर्चात हजार पुस्तकं हजार घरी पोचतात. आमच्या समारंभाला माणसं किती होती, सर? खुर्च्या तुम्हीही पाहिल्या.

आणि त्या खुर्च्यांवरच्या प्रत्येकाला 'सप्रेम भेट' लिहून एक प्रत. या भेट प्रतीनं आमच्या भागातल्या लेखकाचं जेवढं नुकसान केलं तेवढं मोबाइलनंही केलं नसेल. मी पहिल्या दोन महिन्यांत साठ प्रती वाटल्या. अधिकाऱ्यांना, साहित्यिकांना, नातेवाइकांना. साठांपैकी तिघांनी वाचल्याचं कळवलं. उरलेल्यांच्या घरी पुस्तक शोकेसमध्ये, टेडी बेअर आणि स्मृतिचिन्हांच्या मध्ये. पैसे देऊन घेतलेल्यांचे मात्र फोन येत राहतात. चूक सापडली म्हणून भांडायलाही येतात. ज्यानं दोनशे रुपये मोजले त्याला ते वसूल करायचे असतात, म्हणून तो वाचतो. फुकट पुस्तक घेणाऱ्याला आपण वाचक म्हणतो, ही आपणच आपली केलेली फसवणूक. एकीकडे विकणं अप्रतिष्ठेचं ठरवायचं आणि दुसरीकडे वाटणं रीतीचं, म्हणजे लेखकानं स्वतःच्या खर्चानं स्वतःचं मोल शून्य करून घ्यायचं. तुमच्याकडे तर माझीही एक प्रत फुकट गेली आहे. अभिप्राय अजून यायचा आहे.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य करतो, मनापासून. थैलीवाल्यांतही वाईट माणसं आहेत. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाबरोबर मुखपृष्ठ पाठवणारे, अंत्ययात्रेतून परतताना पुस्तक काढणारे (अतिशयोक्ती नाही, पाहिलंय) आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ज्यांच्या हातात कोणाची तरी दोरी आहे ते. वर्गातल्या पोरांच्या गळ्यात आपला संग्रह मारणारा मास्तर, हाताखालच्या कर्मचाऱ्यांना दहा-दहा प्रती 'खपवायला' देणारा साहेब. मी ग्रामसेवक होतो तेव्हा अशी गठ्ठ्यानं आलेली पुस्तकं माझ्याही टेबलावर पडली आहेत. समोरच्याला नाही म्हणायची सोय नसेल तिथे विकू नये, हा माझा नियम. म्हणून नोकरीत असताना पुस्तक काढलं नाही, निवृत्त झाल्यावर काढलं. तुमचा राग या वसुलीवर असेल तर मी तुमच्या शेजारी उभा आहे. पण मंडईत बाज टाकून बसलेल्या माणसाला त्यांच्या माळेत ओवू नका. तिथे गिऱ्हाईक पुस्तक उलटंसुलटं करून ठेवून जिलेबीकडे जातं आणि लेखक त्याचं काहीही वाकडं करू शकत नाही.

तशीच दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांची बात. ते म्हणतात, थैली जुनी झाली, पैसे टाका, आम्ही प्रचार करून देतो. इतक्या हजारांत इतक्या लोकांपर्यंत, वर एक पुरस्कार, त्याचंही प्रवेश शुल्क. मला असा फोन आला होता. विचारलं, लाखांदूरजवळच्या खेड्यात किती जणांपर्यंत? समोरची मुलगी म्हणाली, "सर, लाखांदूर हे कुठे आलं?" बोलणं तिथेच संपलं. फोन वापरू नका असं म्हणत नाही. माझ्या पुतण्यानं एका तलावाच्या पाळीवरचं दोन मिनिटांचं वाचन चित्रित करून गावाच्या गटात टाकलं, त्यावरून मुंबई-सुरतेला कामाला गेलेल्या पोरांच्या सतरा मागण्या आल्या. खर्च शून्य. पण त्या पोरांना पुस्तक नको होतं, गाव हवं होतं. ज्याच्याजवळ द्यायला गाव नाही त्यानं हजारोंचं पॅकेज घेतलं तरी काय पोचवणार?

पाचशेपैकी आजघडीला चारशे अकरा प्रती संपल्या आहेत. त्यातल्या साठ फुकट, हे वर आलंच आहे. छपाईचा खर्च निघाला, दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे, त्यात म्हाताऱ्याच्या बापाच्या लग्नाचं साल तपासून घालतो आहे.

येत्या मंडयांची यादी करून ठेवली आहे. भाऊबीजेनंतरचे आठ दिवस मी साकोली आणि लाखनीकडच्या गावांत असेन. सर, तुम्हीही या. बाजेवर बसायला जागा करीन, चहा माझ्याकडून. पुस्तक हवं असेल तर दोनशे रुपये पडतील, आणि तुमच्या नव्या संग्रहाच्या प्रती आणल्यात तर त्याही शेजारी मांडू.

सुटे मात्र घेऊन या.